हिरवा रंग भरण्याआधी: नगररचना कार्यालयात नव्याने आलेल्यांसाठी शेतीची ओळख

नगररचना खात्यात, एखाद्या विकास प्राधिकरणात किंवा नगरपालिकेच्या बांधकाम विभागात नवे रुजू होणारे बहुतेक जण आर्किटेक्चर, सिव्हिल किंवा प्लॅनिंग शिकून आलेले असतात. एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ते), सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंगचे तक्ते तोंडपाठ असतात. शेतीशी संबंध मात्र गावच्या जत्रेपुरता उरलेला. आणि पहिल्या वर्षातच टेबलावर येते ती हद्दवाढीची किंवा प्रादेशिक योजनेची फाईल, जिच्यातली बरीचशी जमीन शेतीची असते.

जमीन वापराच्या नकाशात शेतीला हिरवा रंग देतात. तासगावची द्राक्षबाग, माणची जिरायत बाजरी, कालव्याखालचा आडसाली (सुमारे दीड वर्षाचा) ऊस आणि कोकणातलं भाताचं खाचर, सगळं एकाच हिरव्यात. रहिवासी भागाच्या पिवळ्या रंगाच्या आत रस्ता कुठून येतो, नळ कुठून येतो, सांडपाणी कुठे जातं याचा आपण बारकाईने विचार करतो. हिरव्याच्या आतही पाणी कुठून तरी येतं, माल कुठून तरी बाहेर पडतो, जनावरं कुठे तरी जातात. ते कुणी बघत नाही, कारण ती जागा ‘पुढच्या वीस वर्षांत भरायची’ म्हणून ठेवलेली असते. ही जागा आत्ताच भरलेली आहे, असं धरून कामाला लागा. खाली जे सांगतो ते महाराष्ट्रापुरतं. गोव्यात कायदा आणि कागद दोन्ही वेगळे.

पहिली पायरी: सातबारा नीट वाचा

सातबारा म्हणजे मालकाचं नाव पाहायचा कागद, असं समजून पुष्कळ जण वरचा भाग वाचतात आणि खाली जात नाहीत. तुमच्या कामाचं जास्त खालीच असतं. गाव नमुना ७ मध्ये मालकी, भूधारणा, इतर हक्क. नमुना १२ मध्ये पीक, सिंचनाचं साधन, पड. दोन्ही मिळून सातबारा.

इतर हक्काच्या रकान्यात विहिरीतला हिस्सा, पाइपलाइनचा हक्क, वहिवाटीचा रस्ता, कालव्याच्या लाभक्षेत्राचा शेरा, पुनर्वसनासाठीचा शेरा असं काही सापडतं. भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसला, देवस्थान इनाम किंवा वतन दिसलं, आदिवासी खातेदार दिसला, तर थांबा आणि महसूलकडे विचारा. तो गुंता आपला नाही, पण आपल्या नकाशाने तो वाढता कामा नये.

पोटखराब्याकडे, म्हणजे गटातल्या लागवडीखाली नसलेल्या भागाकडे, विशेष लक्ष द्या. वर्ग अ म्हणजे खडक, खड्डे वगैरेंमुळे लागवडीला न आलेली जमीन. ती शेतकरी सुधारून लागवडीखाली आणू शकतो. वर्ग ब म्हणजे रस्ता, नाला, स्मशान अशा सार्वजनिक वापरात गेलेली. एखाद्या गटात पाच-सात आर पोटखराबा ब दिसला की बहुधा तिथून नाला किंवा वाट जाते. नकाशावर ती शोधा. सापडली नाही तर ती नाही असं समजू नका, प्रत्यक्ष जागेवर जा.

नमुना १२ एका वर्षाचा पाहून निष्कर्ष काढू नका. दुष्काळी वर्षात ‘पड’ लागलेली जमीन नापीक नसते. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतात. नोंद राहून गेली तर उभा ऊसही कागदावर दिसत नाही. किमान तीन-चार वर्षांच्या नोंदी एकत्र बघा. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असतं, हेही ध्यानात ठेवा. नाहीतर दोन हंगामांची सरमिसळ होते.

मोजमापाचं एकदा घोकून टाका: १ हेक्टर म्हणजे १०० आर, ४० गुंठे म्हणजे १ एकर, आणि गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आर आणि गुंठा जवळपास सारखे असल्याने गावात दोन्ही एकाच अर्थाने वापरतात. तुमच्या प्रस्तावात मात्र तसं करू नका.

दुसरी पायरी: शिवारात जा, पण कधी ते ठरवून

हे सगळ्यांत जास्त चुकतं. विद्यमान जमीन वापराची पाहणी सोयीने उन्हाळ्यात होते, आणि उपग्रहाची स्वच्छ छायाचित्रंही ढग नसलेल्या महिन्यांतली. मे महिन्यात वरून पाहिलं तर निम्मा महाराष्ट्र पडीक वाटतो. कोकणातली भाताची खाचरं क्रिकेटच्या मैदानासारखी दिसतात. द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलात होते. तेव्हा बागेत गेलात तर नुसते खुंट आणि तारा. डाळिंबाची बाग ‘ताणावर’ असते तेव्हा मुद्दाम पाणी तोडलेलं असतं, पानगळ झालेली असते. अनोळखी माणूस ‘बाग वाळलेली’ असं लिहून मोकळा होतो. महिन्या-दोन महिन्यांत तीच बाग फुलांनी लगडते आणि कर्जाचा हप्ता त्याच बहारावर ठरलेला असतो.

म्हणून दोनदा जा. एकदा ऑगस्ट-सप्टेंबरात, एकदा जानेवारीच्या सुमारास. पहिल्या फेरीत पावसाचं पाणी कुठून वाहतं ते दिसतं, दुसऱ्या फेरीत विहिरीचं आणि कालव्याचं पाणी कुठवर पोचतं ते. दोनदा जमत नसेल तर जानेवारी निवडा.

कुणाला विचारायचं? तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक तर आलेच. (तिघांचीही पदनामं अलीकडे बदलली आहेत; गावात जुनीच चालतात.) पण खरी माहिती इतरांकडे असते. कालव्याचा पाटकरी: कोणत्या चारीला कधी पाणी सुटतं, टेलपर्यंत (कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत) पोचतं का, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. साखर कारखान्याच्या शेतकी विभागाचा गटातला माणूस: कोणत्या गटात किती ऊस, तो कोणत्या वाटेने बाहेर काढतात. दूध संस्थेचा सचिव: गावात जनावरं किती आणि चारा कुठून येतो. हे तिघे सरकारी बैठकीला बोलावले जात नाहीत. त्यांच्याकडे चहाला जा.

आणि विचारताना ‘ही जमीन कोणाची?’ असं सुरू करू नका, समोरचा लगेच सावध होतो. भूसंपादन आलं असं वाटतं. ‘यंदा काय आहे रानात?’ असं विचारा.

तिसरी पायरी: पाण्याचा नकाशा स्वतः काढा

इथे वेळ घालवा. रस्त्याची आखणी चुकली तर दहा जण भांडायला येतात. पाण्याची वाट तुटली तर खालच्या अंगाची दोनशे एकर मुकाट्याने जिरायत होते आणि ते तुमच्या फाईलपर्यंत कधी येतही नाही.

सुरुवात कालव्यापासून करा: मुख्य कालवा, वितरिका, लघुवितरिका, शेवटी शेतचारी. वरच्या दोन-तीन जलसंपदा विभागाच्या नकाशात मिळतात. शेतचारी बहुधा नसते. ती दीड-दोन हात रुंदीची मातीची चर असते, उन्हाळ्यात गवताने बुजलेली, आणि लेआउट पाडणाऱ्याचा जेसीबी ती पहिल्या दिवशी सपाट करतो. लाभक्षेत्रातल्या प्रत्येक अकृषिक (शेतीशिवाय इतर वापराच्या) प्रस्तावावर चारी कुठून येते, पुढे कुठे जाते आणि प्रस्तावित रस्त्याखालून ती कशी नेणार, हे लिहून घ्या. जलसंपदा विभागाचं ना हरकत पत्र फाईलला लागलं म्हणून हा प्रश्न मिटला असं होत नाही. ते पत्र त्या गटापुरतं असतं, खालच्या गटांबद्दल त्यात अवाक्षर नसतं.

मग ओढे-नाले. गाव नकाशावरचा नाला आणि आजचा प्रवाह यांत फरक असतो, कारण कुणी बांध सरकवलेला असतो, कुणी नाला मुरमाने भरलेला असतो. दोन्ही रेषा दाखवा.

सगळ्यांत अवघड म्हणजे जमिनीखालचं. सांगली-कोल्हापूर भागात नदीवरून उपसा करून पाणी काही किलोमीटर आत नेणाऱ्या सहकारी आणि खाजगी पाइपलाइन आहेत. चार-पाच शेतकरी मिळून टाकलेली लाइन दुसऱ्या पंधरा जणांच्या बांधाखालून जाते. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४९ खाली दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याची वाट नेण्याची परवानगी तहसीलदार देऊ शकतो, पण कित्येक लाइनी तोंडी बोलीवर टाकलेल्या असतात. कुठल्याच सरकारी नकाशात त्या नाहीत. त्यांचा शोध एकाच पद्धतीने लागतो: नदीकाठच्या जॅकवेलपासून (उपसा करण्याच्या विहिरीपासून) चालत निघायचं, एअर व्हॉल्व्ह आणि चेंबर मोजत जायचं, सोबत लाइनीचा एखादा सभासद घ्यायचा. अर्धा दिवस जातो. डीपी (विकास योजनेतल्या) रस्त्याच्या खोदाईत ही लाइन फुटली तर ऐन उन्हाळ्यात शेकडो एकरांचं पाणी बंद होतं, त्या मानाने अर्धा दिवस काहीच नाही.

पूररेषेबद्दल एक. निळी रेषा ही साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण तिथे ‘काही होत नाही’ असं नसतं. कृष्णाकाठच्या मळीच्या जमिनी पुराच्या गाळावरच पिकतात. नदीकाठ सुशोभीकरणाच्या आराखड्यात तिथे बाग आणि जॉगिंग ट्रॅक टाकण्याआधी त्या मळीत वांगी कोण लावतं ते विचारून या.

चौथी पायरी: माल बाहेर कसा पडतो

गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साधारण १६.५ ते २१ फूट, पायमार्गाची ८.२५ फूट धरतात. शिवरस्ता दोन गावांच्या हद्दीवरून जातो, त्यामुळे दोन्ही नकाशे जोडल्याशिवाय तो कळत नाही. एका गावापुरती योजना करताना तो हमखास सुटतो.

वाट अडवल्याची तक्रार मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली आणि नव्या वाटेची मागणी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे जाते. तुमच्या योजना क्षेत्रातल्या गावांची अशी प्रकरणं तहसील कार्यालयातून मागवा. गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे रस्त्यावरून भांडणं झाली त्याचा तो आयता नकाशा असतो. शेतरस्ते तीन-चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी, असं शासनाने २०२५ मध्ये ठरवलं आहे, तेव्हा जुनी वाट आता कागदावरही दिसू लागेल.

रुंदी आखताना कार नजरेसमोर ठेवू नका. उसाच्या गाळप हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, उसाची मोळी बाजूंनी बाहेर आलेली असते, आणि ही गाडी काटकोनात वळत नाही. लेआउटच्या सहा मीटर रस्त्यावर कोपऱ्याला कुंपणाची भिंत असली की ट्रॉली अडते. मग चालक शेजारच्या प्लॉटमधून जातो, रहिवासी तक्रार करतात, आणि शेवटी शेतकऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं जातं. जिथे मागे उसाचं क्षेत्र आहे तिथे एक रस्ता सरळ, रुंद आणि कमानीशिवाय ठेवा. कमानी हा आपल्याकडचा एक आजारच आहे. ट्रॉली भरल्यावर तिची उंची किती होते हे कमान बांधणारा कधी मोजत नाही.

माणसांसारखीच जनावरांचीही वाट असते. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे (मेंढरांचे कळप) ठरलेल्या वाटांनी फिरतात. शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला बोलावतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. हा वापर वर्षातून काही रात्रींचा, म्हणून कुठल्याच पाहणीत उतरत नाही. गायरानांचंही तसंच. नकाशात ‘शासकीय, रिकामी’ दिसतात आणि प्रत्येक सार्वजनिक आरक्षणाला त्यांची आठवण होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींबाबत कडक निकाल दिला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर निर्बंध घालणारा शासन निर्णय काढला. आरक्षण टाकण्याआधी तो वाचा.

पाचवी पायरी: शेतीची इमारत कोणती?

जमीन महसूल अधिनियमातली ‘शेतघरा’ची व्याख्या वाचून ठेवा. अवजारं, खत, चारा, शेतमाल ठेवण्याची जागा, जनावरांचा निवारा, खातेदाराच्या कुटुंबाचं किंवा मजुरांचं राहणं, आणि शेतीच्या कामाचा भाग असलेलं आणखी काही, असं त्यात येतं. विक्रीच्या जाहिरातीतलं ‘फार्महाउस’ ते हे नव्हे. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत शेती विभागात अनुज्ञेय असलेल्या वापरांची यादी लांबलचक आहे. ती यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वापर शेजारच्या पिकाला काय करतो ते बघा.

कांदा चाळीला चहूबाजूंनी वारा लागतो. पश्चिमेला दोन मजली इमारत उठली की चाळीतला कांदा सडायला लागतो. बेदाणा शेडवर खडी क्रशरची धूळ बसली तर मालाचा भाव पडतो, आणि द्राक्षाच्या घडावर बसलेली धूळ धुऊन जात नाही. गुऱ्हाळाचा धूर, पोल्ट्रीचा वास, फवारणीचं औषध हे उलट दिशेने, घरांकडे जातं.

पोल्ट्रीच्या तक्रारी तुमच्याकडे हमखास येतील. दहापैकी बहुतेक वेळा पोल्ट्री आधीची असते आणि घरं नंतरची. पोल्ट्रीवाल्याने नियमाने अंतर सोडलेलं असतं. मग तेच अंतर रहिवासी पट्टा वाढवून आपण खातो. म्हणून रहिवासी विभागाची हद्द आखताना चालू पोल्ट्री, गोठे आणि गुऱ्हाळं बिंदूंनी दाखवा आणि हद्द त्यांच्यापासून लांब थांबवा. जमत नसेल तर मधल्या पट्ट्यात खुली जागा किंवा रस्ता टाका.

सहावी पायरी: तुकडे आणि अकृषिक

इथे महसूल कायद्याची ढोबळ ओळख पुरे. बारकावे सतत बदलतात. कालचं परिपत्रक आज लागू आहे का ते प्रत्येक फाईलला तपासा.

१९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडायला बंदी. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरलं. जमीन महसूल अधिनियमाची कलमं ४२ अ ते ४२ ड तुमच्याशी थेट जोडलेली: विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत जमीन कोणत्या विभागात आहे त्यावरून अकृषिक वापराचा मार्ग सोपा होतो, आणि ४२ ड मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंत रहिवासी वापराची तरतूद आहे. म्हणजे तुम्ही नकाशावर रंग बदलला की शेतकऱ्याच्या जमिनीचा भाव, तिच्यावरचा कर आणि भावकीतला वाद, तिन्ही त्याच दिवशी बदलतात. २०० मीटरचं वर्तुळ काढताना त्यात येणाऱ्या विहिरी आणि बागा वेगळ्या खुणेने दाखवा, एवढं तरी करा.

सातवी पायरी: हरकती येतील अशी सोय करा

प्रारूप विकास योजना राजपत्रात आली की हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. ते ३० दिवस कोणते, याने फार फरक पडतो. ७ जूनच्या आसपास मृग निघतो, पेरणीची धांदल उडते. त्या महिन्यात तालुक्याला जाऊन नकाशा बघायला कुणाला सवड नसते. पुणे जिल्ह्यात आषाढी वारीचे दिवस, द्राक्ष भागात ऑक्टोबर छाटणी, भात भागात कापणी-झोडणी, हे टाळा. प्रसिद्धीची तारीख वरून ठरली तरी गावातल्या बैठकांची तारीख तुमच्या हातात असते.

नकाशा ग्रामपंचायतीत लावा आणि त्यावर गट नंबर वाचता येतील एवढ्या मापात लावा. ‘ना-विकास विभाग’, ‘अनुज्ञेय वापर’ ही भाषा फलकावर चालेल, बैठकीत ‘तुमच्या गटातून १८ मीटरचा रस्ता जातो, विहिरीपासून इतक्या अंतरावरून’ असं सांगा. बैठक सकाळी दहाला ठेवू नका; संध्याकाळी दूध घालून झाल्यावर ठेवा. आणि बायकांना स्वतंत्र विचारा. सातबारा नवऱ्याच्या नावावर असतो, पण गोठा, भाजीपाला आणि पिण्याचं पाणी कुठून येतं हे घरातल्या बाईला जास्त नेमकं माहीत असतं.

शेतकऱ्यांना नियोजन कळत नाही, असं कार्यालयात ऐकायला मिळेल. हडपसरला उसाच्या सुमारे चारशे एकरांवर शेतकरी कुटुंबांनीच एकत्र येऊन मगरपट्टा सिटी उभी केली. पुरंदरचा अंजीर उत्पादक खट्टा बहार धरायचा की मीठा (अंजिराचे हे दोन हंगाम), हे पाणी, बाजार आणि मजुरी यांचा हिशेब मांडून कित्येक महिने आधी ठरवतो. त्याला तुमचा नकाशा समजावून सांगितलात तर तो त्यातली चूक तिथल्या तिथे दाखवतो.

पहिल्या फाईलवर अभिप्राय लिहायची वेळ येईल तेव्हा ‘सदर जमीन शेतीखाली आहे’ एवढ्यावर सोडू नका. असं लिहा: गट अमुक, गेल्या चार वर्षांत ऊस आणि हरभरा, सिंचन विहीर व शेतचारी, चारी दक्षिण बांधावरून पुढच्या सहा गटांना जाते, उत्तरेकडून गाडीमार्ग, हंगामात ऊस वाहतूक, पूर्वेला २५० मीटरवर चालू पोल्ट्री, पाहणी जानेवारीत केली, सोबत पाटकरी हजर. पाच-सहा ओळींचं काम आहे. त्यानंतर हिरवा रंग ठेवायचा की बदलायचा ते वरिष्ठ ठरवतील, पण काय बदलतोय ते त्यांना वाचावं लागेल.